सर्वसाधारण अटी

गाडीचा हीटर चालू, काचांवर आतून वाफ.
समोरच्या रिंकवर ओटोची हॉकी, सहा ते साडेसात.
मी मांडीवर अटी उघडते.
पंधरा कलमं, चाळीस पानं
आणि विशेषण म्हणून औषधाला नाही.

या पेपरात दोनदा नापास झालेय.
जिना सांगा, छप्पर सांगा,
डुलुथचा पाच महिन्यांचा बर्फ पेलणारी तुळई सांगा,
डोळे मिटून काढून देईन.
इथे मात्र मालक, कंत्राटदार आणि वास्तुविशारद
एका टेबलाशी बसलेत,
तिघांनी छान हस्तांदोलन केलंय
आणि तिघांच्या हातात पेन आहे.

'करील' म्हणजे करावंच लागेल.
'करू शकेल' म्हणजे नाही केलं तरी चालेल.
वास्तुविशारदाने साइटवर जावं, पाहावं,
पहारा देऊ नये.
'पुरेसं पूर्ण' अशीही एक अवस्था असते:
कड्या बसायच्यात, एका खोलीचा रंग राहिलाय,
तरी माणूस राहायला येऊ शकतो.
माझं लग्न त्या अवस्थेत अकरा वर्षं होतं.
उरलेल्या कामांची यादी
कुणी केलीच नाही.

रविवारी इसाकडे.
त्यांचं वय एक्याऐंशी, हातात भिंग,
टेबलावर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव.
माझी कार्डं ते एकेक करून वाचतात
मोठ्या आवाजात, खोदाईच्या यंत्रावरून ओरडल्यासारखी.
आलेली डावीकडे, चुकलेली उजवीकडे.
डावी थप्पी वाढतेय.

"जमिनीखाली," ते वाचतात,
"नकाशात नसलेलं काही लागलं, तर?"

तिथेच थांबायचं. हात लावायचा नाही.
कळवायचं. एकवीस दिवसांच्या आत.

ते कार्ड उलटतात. भिंग धरतात.
"चौदा," म्हणतात. "चुकलं."

हो, चौदाच. नव्या आवृत्तीत चौदा.
एकवीस जुन्या आवृत्तीत होते,
ऑफिसच्या मागच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या,
जी या परीक्षेला लागत नाही,
जी मी गेल्या महिन्यात दोनदा वाचली.

ते माझ्याकडे बघतात.
मी पाव कापायला घेते.

मी नऊ वर्षांची होते.
वेस्ट एंडच्या शाळेचा पाया.
चार फुटांखाली लागला गॅब्रो,
इथला जुना, काळा, लोखंडाला न ऐकणारा.
इसाने पाच आठवडे तो फोडला
स्वतःच्या डिझेलवर, स्वतःच्या माणसांनिशी,
कारण शाळेचा साहेब खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला होता,
तू कर एनो, आपण बघू.
आणि शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,
असं मानणाऱ्या घरात आम्ही वाढलो.
पुढे ट्रक गेला. मग दुसरा ट्रक.
मग आईने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळी धरली.
घरात कुणी आवाज चढवला नाही.
मला वाटायचं, दगड जिंकला.

"मी छत्तिसाव्या दिवशी गेलो होतो,"
इसा म्हणतात. "तोंडी."

भिंतीतला पाइप टकटकतो.
मी सांगू शकले असते
की नोटिशीचा मसुदा अर्ध्या पानाचा असतो,
की तारीख, जागा, सही एवढंच पुरतं,
की आर्किटेक्टनेही तो दगड पाहिला होता,
त्याने कलम दाखवायला हवं होतं.
'हवं होतं' हे क्रियापद
चाळीस पानांत कुठेच नाही.

"कार्ड उजवीकडे ठेवा," मी म्हणते. "चुकलंय ना."
ते ठेवत नाहीत.
घडी घालतात, शर्टाच्या खिशात सरकवतात,
भिंग पुसतात.

"पुढचं," म्हणतात. "आणि मोठ्याने बोल जरा.
पैसे अडकले, तर काम किती दिवसांनी थांबवता येतं?"