समग्र कथा, तिसरं प्रूफ

नेवेन्का बार्रियाच्या एक्केचाळीस विज्ञानकथा
बुटांच्या एका खोक्यात मावल्या.
पहिली एकोणसाठ सालची,
कस्टमच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर टंकलेली.
शेवटची गेल्या हिवाळ्यातली,
हात थरथरतो म्हणून पुतणीकडून लिहवून घेतलेली.
मधे पुंता अरेनासचा सगळा वारा.

हे गाव असं, की वादळात रस्त्याच्या कडेनं दोर बांधतात
आणि माणसं दोराला धरून पावाच्या दुकानापर्यंत जातात.
तिच्या अवकाशवीरांनाही पहिल्यापासून दोर लागतो.
गुरूच्या कुठल्याशा चंद्रावर
एक बाई यानाबाहेर येते, आधी
कमरेची गाठ दोनदा ओढून बघते,
मग म्हणते, आज जरा पडलाय वारा.
(तिथे हवाच नाही, मी समासात लिहिलं.
खाली तिचं उत्तर आलं:
ठाऊक आहे. त्या बाईलाही ठाऊक आहे.)

मी प्रुफं तपासणारा. माझी धाव स्वल्पविरामापर्यंत.
तिच्या हिशेबानं एकोणीसशे नव्याण्णवमध्ये
मंगळावर मेंढ्यांची लोकर कातरली जात होती.
बासष्टच्या एका कथेतला संगणक
तारघराएवढा, आणि त्याला सर्दी होते.
म्हटलं, दोन्या, सालं बदलू का? थोडी पुढे ढकलू?
किटली उतरवता उतरवता ती म्हणाली,
शिळा पाव भाजून खातोस ना?
मग भविष्यानंच काय घोडं मारलंय.

सतराव्या कथेला अडलो.
साल चौऱ्याहत्तर. पान दोनशे अकरा.
दक्षिणेकडे पाठ करून यान निघतं, आत सात जण.
सात जोड बूट, खुंट्यांना सात कप,
रोज सकाळी सात कपांत चहा.
हजेरीत नावं सहा.
मी तीनदा मोजली. बोट ठेवून मोजली.
पुढे कोणी मरत नाही, कोणी उतरत नाही,
कथाभर एक कप भरला जातो,
रिकामा होतो, धुऊन खुंटीला लागतो,
आणि कोण प्यायलं ते कुठेच येत नाही.

समासात लिहिलं: कप सात की सहा? कृपया खुलासा.

त्या दिवशी सामुद्रधुनीचं पाणी पांढरं झालं होतं,
खिडकीच्या काचा थंडीतल्या दातांसारख्या वाजत होत्या.
ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली.
मग विचारलं, तुझा जन्म कधीचा?
ब्याऐंशीचा.
हं, म्हणाली. तेव्हा कोणी मोजलं नाही.
मोजलं असेल तर बोललं नाही.
बोलायचे दिवस नव्हते.
कस्टममध्ये माझ्या टेबलासमोर एक टेबल होतं.
तो साखर तीन चमचे घ्यायचा.
एवढंच.

मग माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन
तिनं समासात एक नाव लिहिलं,
वाचलं,
आणि रबरानं खोडलं,
कागद फाटू नये इतकं सावकाश.
कप सातच, म्हणाली. छापा.

पुस्तक आलं. सहाशे अठ्ठ्याऐंशी पानं,
वजन एक किलो दोनशे.
समारंभात नगरपालिकेच्या माणसानं तिला
द्रष्टी म्हटलं, तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली.
घरी जाऊन तिनं पहिली प्रत
त्या वाजणाऱ्या खिडकीला टेकू म्हणून लावली.
अजून तिथेच आहे. काच वाजत नाही.

दोनशे अकरावं पान स्वच्छ छापलंय.
छापखान्याला खाचा दिसत नाहीत.
तिसरं प्रूफ मात्र माझ्या कपाटात आहे.
दिवा आडवा धरला
की समासातून अक्षरं वर येतात. अकरा.
नाव वाचता येतं.
इथे लिहीत नाही. लेखिकेनं खोडलंय,
आणि मी नुसता प्रुफं तपासणारा.