एकशे चाळीस ग्रॅम

यल्लप्पा चिलवेरीला मी चपलेचं वजन विचारलं.
लोक नंबर विचारतात की, तो म्हणाला.

सांगितलं : बारा दिवस डोंगरातून चालायचंय.
संध्याकाळी तंबूपाशी बूट उतरवले
की पायांना काहीतरी लागतं,
दिवसभर पाठीवर असून नसल्यासारखं.

त्यानं शेजारचा शेंगाचटणीचा तराजू आणला,
पारड्याला तिखट तसंच.
चामडी चारशे दहा. न बोलता बाजूला सारली.
फोमची, भोकाभोकांची, दोनशे साठ,
पण फुगून बसलेली, सॅकमध्ये मावेल तर शपथ.
निळी रबरी एकशे नव्वद,
अंगठ्यात पट्टा; मोज्यावर चढेना.

आतून अंबुबाईनं एक जोडी टाकली,
टॉवेलच्या चिंध्यांची, घरी शिवलेली.
सत्तर!
'ओढ्यात भिजली तर?'
'मग किलो,' ती म्हणाली, अजिबात न हसता.

मंगळवार पेठेत दुपार भाजत होती.
यल्लप्पानं रापी घेतली,
निळ्या रबरीच्या टाचा तासल्या, अंगठा उपटला,
मागावरची पट्टी आडवी ओवली.
एकशे चाळीस.
पैसे मात्र अख्ख्या जोडीचे.

'परत कसे येणार?'
'एसटीनं.'
'मग तेव्हा घाला ही,' तो म्हणाला,
'बुटात पाय जायचे नाहीत तुमचे.'