गाळणीचा कागद

जूनमधला कागद काळा निघतो.
नोल्बेर्तो चिमट्याने तो उचलतो,
डबीत ठेवतो, वर तारीख घालतो
आणि हात चोळत शिडी उतरतो.
खाली कोयाइके, डोंगरांच्या ओंजळीत
साचलेलं गाव.
धुराड्यातून निघालेली एकेक रेघ
थोडी वर चढते, मग कुणी डोक्यावर हात ठेवून
बसवल्यासारखी
आडवी होते.

जानेवारीत वारा असतो.
दोरीवरचे कपडे पळवतो, तोंडातलं बोलणंही.
तेव्हाचा कागद इतका कोरा
की प्रयोगशाळेतली बाई फोन करून विचारते,
यंत्र चालू होतं ना?
एकदा नुसते पिवळे परागकण होते त्यावर.
तो कागद त्याने द्यायला दोन दिवस उशीर केला.

आज फलक लाल.
चुली पेटवू नका, रेडिओ सकाळपासून सांगतोय.

संध्याकाळी तो आईकडे जातो.
एदुविना दार उघडते तेव्हा
आधी ऊब बाहेर येते, मग ती.
लोखंडी चुलीत ओलं लाकूड सुसकारतंय,
टोकाला फेस.
"लाकडं उन्हाळ्यातच भरायला हवी होती," ती म्हणते.
उन्हाळ्यात पैसे नव्हते,
हे दोघांनाही ठाऊक.

तो बूट काढतो.
मोजे चुलीच्या दांडीवर वाळत घालतो.
ती किटली पुढे सरकवते,
खोकला स्वेटरच्या बाहीत दडवते.

सकाळी कागद बदलायचाय.
त्यात थोडं हे घर असेल.
किती, ते वेगळं काढता येत नाही.

विस्तव बसत चाललाय.
तो उठतो,
आणखी एक ओंडका आत सारतो.