माळ्यावरची काच

फाटा कापायच्या आधी दोनदा मोज,
बकारामनं सांगितलं होतं.
मी तीनदा मोजलं. तिन्ही मापं वेगळी आली.

काच पवनीच्या भंगारातली, जुन्या जीपची, सपाट.
कोपऱ्यात अर्धं स्टिकर : ‘...ची कृपा’.
कोणाची, ते खरवडून गेलेलं.

काच कशाला, तर गेल्या साली
आईनं माळ्यावरच्या अंधारात चाचपडत
बियाण्याचं धान खाली काढलं
आणि गिरणीतून भरडून आणलं.
भात चांगला झाला होता.
आम्ही गप्प बसून जेवलो.

मग पुसातल्या एका सकाळी शिडीवर मी,
ज्याच्या हातून खिळासुद्धा कधी सरळ गेला नाही.
अठरा कवेलू उतरवले, एकेक करून.
कुंभाराची बोटं उमटलेली त्यांच्यावर,
आणि सातव्याखाली विंचू,
शेपूट वर करून, भाडं मागायला आल्यासारखा.

भोक पडलं. घराच्या टाळूलाच.
रस्त्यावरून अनसूयाकाकू : “का करून रायला बा?”
फाटा कापून झाला होता,
आता उत्तर देऊन उपयोग नव्हता.

चौकट बसवली. डांबर ओतलं, जास्तच.
बादलीभर पाणी टाकून पाहिलं :
सगळं आत. धानाच्या ढोलीवर, बकारामच्या टोपीवर.
तो चिडला नाही.
“पानी वरून येते बापू, त्याले रस्ता दे.
वरची कड कवेलूखाली सार,
खालची कवेलूवर. बस.”
एवढंच होतं. एवढ्यासाठी दीड दिवस.

तेलाच्या पिप्याचा पत्रा वाकवून पुन्हा बसवली.
दुपारी माळ्यावर चढलो तर
उजेडाचा चौकोन, माझ्या मापांसारखाच तिरपा,
आढ्याजवळच्या फाट्यावर पडलेला.
तिथं एक जुनी खाच.
चुकीच्या जागी कापलेली,
मग चिप ठोकून बुजवलेली.
फाटा येनाचा, चिप सागाची.
बोट फिरवलं. कोण होता,
विचारायला आता कोणी नाही.
अंधारात निभलं त्याचं इतकी वर्षं.

आणखी तीन बादल्या ओतल्या.
पश्चिमेच्या कोपऱ्यातून अजून एक थेंब येतोच.
खाली जर्मनचा गंज ठेवलाय.

आई वर येते, गंज पायानं सरकवते,
डब्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचते : बियाणं.
झाकण दाबून बघते.
आणि खाली जायचं सोडून
तिथंच बसते, पाय पसरून,
त्या वाकड्या उन्हात.