उतार

साल्किनबाईंनी फळ्यावर डोंगर काढला.
खडू दमट होता, डावी बाजू फिकी उमटली.
"हा पायथा. कोण, कुठले, काय हवंय त्यांना.
मग चढ, अडचणीवर अडचण.
शिखरावर गोष्ट फुटते.
पुढे उतार, आणि शेवट."

खिडकीबाहेर खरा डोंगर होता,
नारिनच्या थंडीत कान पाडून बसलेला.

मागच्या बाकावरून उल्जान म्हणाली,
"बाई, शिखरावर काही घडत नाही.
तिथे वारा असतो, दगडांची रास असते.
आपला एक दगड ठेवायचा नि निघायचं.
माझा भाऊ वर पोचला तेव्हा घोडा धड होता.
घोडा गेला उतरताना,
तिसऱ्या वळणावर."

शेगडीत शेणी तडतडली.
बाईंनी उताराच्या मध्यावर टिंब दिलं.
"म्हणजे गोष्ट इथे फुटली."

उल्जाननं मान हलवली.
"ते आम्हाला कुठे ठाऊक होतं?
आई चहा ओतत होती.
रोज अंगणात टापा वाजायच्या,
त्या दिवशी नुसती दोन पावलं वाजली.
दारात भाऊ. खांद्यावर खोगीर.
आईनं काही विचारलं नाही,
ओततच राहिली."

बाईंनी टिंब पुसलं.
खडू घरंगळल्यासारखा खाली खाली आला,
जिथे त्यांनीच मघाशी 'शेवट' लिहिलं होतं,
तिथे अडला.

"मग? त्याच्यानंतर काय?" एर्मेकला राहवेना.

"काही नाही," उल्जान म्हणाली,
"सांडलेला चहा मी पुसला."