समुद्र कुठल्या बाजूला

अकरा.
बोटीच्या शिडीवर अकरा, कस्टमच्या दारात अकरा,
स्वच्छतागृहाबाहेर दहा –
काळजात चर्र झालं, तोवर हानुस आला
पँटची चेन ओढत, बेफिकीर.

परदेश म्हणावं का डेन्मार्कला, हा वाद
मुलांच्या बापांनी निघतानाच धक्क्यावर घालून घेतला होता.
पैशाची किंमत तीच, नोटेवरची चित्रं तेवढी निराळी.
आजोबा इथेच शिकले, काकू इथेच वारली.
मी म्हटलं, बघू.

स्टेशनवरच्या टपरीत सुन्वानं चॉकलेट उचललं,
मेंढ्याच्या शिंगाची आमची पन्नासची नोट पुढे केली.
बाईनं ती उजेडात धरली, उलटी केली,
गोड हसली आणि परत दिली.
सुन्वा काही बोलली नाही.
नोटेची घडी घातली, घडीवर घडी,
नखाएवढी होईपर्यंत.
तो वाद तिथे मिटला, माझ्यापुरता.

आगगाडी मुलांनी पहिल्यांदाच पाहिली.
"हिला स्टिअरिंग नाही? मग वळते कशी?"
मी रुळांकडे बोट दाखवलं.
"म्हणजे हिला मनाचं कुठेच जाता येत नाही,"
एय्युन म्हणाला, आणि तासभर
खिडकीच्या काचेला सांत्वन केल्यासारखा हात लावून बसला.

बाहेर सपाट. नुसतं सपाट.
डोंगर कुणी उचलून नेले असावेत, अशी शेतं.

दुपारी जंगल.
आमच्या गावात झाड एकच, पाद्र्यांच्या घरामागे,
मेंढ्यांनी खाऊ नये म्हणून छातीएवढ्या दगडी गडग्यात.
त्याला नाव आहे. त्याला आम्ही ओळखतो.
इथे ती इतकी, की ओळख कुणाकुणाशी करायची?
मुलं कुजबुजायला लागली, देवळात आल्यासारखी.
बाय्निर सवयीनं पुढे झुकून चालत होता,
अंगावर वारा घ्यायला. वारा नव्हता.
दोनदा तोंडावर पडता पडता वाचला.

"यांचा मालक कोण?" राग्नानं विचारलं.
तिच्या बापाची सत्तर मेंढरं, प्रत्येकीच्या कानाला कात्रीची खूण.
सरकार असेल, मी म्हटलं.
तिनं खोडं तपासायला घेतली. एकावर सापडला
केशरी रंगाचा ठिपका, तिच्या डोक्याच्या उंचीवर.
"ही बघा खूण."
तो कसला ठिपका, मला ठाऊक होतं. गप्प राहिले.
तिनं बोटानं रंग खरवडून पाहिला. निघाला नाही.
"म्हणजे हे ऑक्टोबरात जाणार," म्हणाली,
सहज, घरच्या कोकराबद्दल बोलावं तशी,
आणि रांगेत येऊन उभी राहिली.
अकरा.

संध्याकाळी वसतिगृहात बोडिलबाईंनी
सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.
"काहीतरी मेलंय इथे," म्हणाल्या.
योआनिसच्या आईनं टॉवेलात गुंडाळून दिलेलं,
वाऱ्यावर नऊ महिने सुकवलेलं मटण होतं ते.
मुलं पोट धरधरून हसली. योआनिसही हसला,
जरा उशिरा.
मग पिशवी उशाखाली घेऊन पालथा झाला.

दिवे घालवले. मला वाटलं, झोपली.
"बाई, समुद्र कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही.
मी अंधारात हात केला. भिंतीकडे.
पलंग करकरले. कूस बदलल्याचे आवाज,
एकामागून एक. मी मोजले नाहीत.

बाहेर येऊन नकाशा उघडला, जिन्याच्या दिव्याखाली.
चुकले होते.
समुद्र त्यांच्या पाठीशी होता, खूप लांब,
आणि त्या भिंतीपलीकडे
मोटारींचा तळ, सायकली, कचऱ्याचे तीन डबे.

दाराशी गेले. मुठीवर मूठ ठेवून उभी राहिले.
आत कुणीतरी घोरत होतं, मोठ्या माणसासारखं.
उद्या सांगेन, म्हटलं. न्याहारीनंतर.
किंवा परवा.