तासाला ऐंशी

हळदीचं गोदाम होतं हे, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला.
फरशीच्या सांध्यांत पिवळं बसलेलं,
तीनदा धुतलं, गेलं नाही.
आता त्यावर काळं ऑइल सांडतं
आणि गाडीखाली सरकलं की दोन्ही वास येतात,
लग्नाचा आणि डेपोचा.

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली.
आलेल्या पैशातून दोन जॅक, एक कॉम्प्रेसर, एक खड्डा,
आणि भिंतीवर पान्यांचा पूर्ण संच.
प्रत्येक पान्यामागे त्याचीच आकृती रंगवून घेतली,
काय गेलं ते रात्री दिसावं म्हणून.
दहा नंबरची आकृती पहिल्याच आठवड्यात उघडी पडली.

बोर्ड रंगवायला शमशुद्दीन पेंटर आला.
काय लिहू? गॅरेज?
म्हटलं, लिही: जागा आमची, पाने आमचे, हात तुमचे.
तासाला ऐंशी.
ब्रश हवेतच राहिला त्याचा.
म्हणजे गिऱ्हाईकानंच राबायचं, वर पैसेबी त्यानंच द्यायचे?
मग स्वतःशीच हसला.
तालमीसारखं की ओ.

सुगंधा हसली नाही.
तास म्हणजे माझ्या बापाच्या रानात नांगराचं तास, म्हणाली.
ते कुणी भाड्यानं दिलेलं
मी तरी ऐकलं नाही.

पहिली आली वैजयंता होनमाने,
विश्रामबागेतल्या पतसंस्थेची कॅशियर.
स्कूटीचे पुढचे ब्रेक शू बदलायचे होते.
ओढणी कमरेला खोचली,
मोबाइल वीटेला टेकवून उभा केला,
त्यातला पोरगा हिंदीत भराभरा सांगत होता
आणि हिनं चौदाच्या नटाला पंधराचा पाना लावला.

मी हात पाठीमागे धरले.
नटाचे कोपरे झिजताना ऐकू येतात,
ज्याला येतात त्याला.
जिभेवर आलेलं थांबा गिळलं.
खोकलो एकदा. तिनं पाणी पुढे केलं.
नट गोल झाला.

चुकलं ना?
चुकलं.
आता?
आता छिन्नी. कडेला लावून, उलट्या अंगानं, हळू.
आणि घड्याळाकडं बघू नका.

वरची चाळीस मिनिटं वहीत माझ्या नावावर मांडली.
तशीच मग मांडत गेलो.
माधवनगरचा पोरगा, त्याला डिपस्टिकच सापडेना,
पंचवीस मिनिटं.
एक रिटायर्ड मास्तर, ओमनीचं कार्बोरेटर खोललं
आणि सुटे भाग वर्तमानपत्रावर क्रमानं मांडता मांडता
अग्रलेख वाचत बसले,
दीड तास.
महिनाअखेरी सुगंधानं बेरीज केली.
सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच निघालो,
आणि उधारीवर.

समोरचा इरगोंडा मेस्त्री तीन आठवडे बोलला नाही.
आमच्या पोटावर कशाला पाय, असं
पानवाल्याकडं बोलला, म्हणजे माझ्याचसाठी.
एका रात्री शटर अर्धं खाली असताना
स्वतःची एम-एटी ढकलत आत आला.
माझ्याकडं दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या, म्हणाला,
हिच्याकडं बघायला जागा न्हाई.
ऐंशी रुपये मोजून ठेवले, नाणी धरून.
मग एक तास आम्ही दोघं गप्प.
त्याचा हात असा चालत होता
की मी बत्ती धरून नुसता उभा राहिलो.

झाडताना रोज काहीतरी सापडतं.
वॉशर, स्प्रिंग, एखादा आठचा बोल्ट.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतो.
गाड्या तर सगळ्या चालू होऊन गेल्या,
मग हे कुणाचं?
बरणी निम्मी झाली आहे.

आज दुपारी वैजयंताची स्कूटी गेटावरून गेली.
जाता जाता ब्रेक दाबला तिनं, मुद्दाम,
मला ऐकू यावा म्हणून.
थांबली गाडी, जिथं थांबायला हवी तिथंच.
फक्त बारीक कुईं झालं.
ड्रममध्ये पॉलिश पेपर फिरवला की जाईल,
दहा मिनिटांचं काम.

मी खिशातून हात काढला, तिला दाखवला,
आणि परत खिशात घातला.